छान म्हणणारी बाई

समोरच्या खोलीत ती बाई राहायला आली आणि पहिल्याच दिवशी तिने माझ्या बादल्यांचं कौतुक केलं. कॉरिडॉरमध्ये मी त्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, एक लाल, एक निळी आणि एक तळाला चीर गेलेली हिरवी. जाळीतून येणारं सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. ती कुलूप उघडता उघडता थांबली आणि म्हणाली, किती छान दिसतायत हो. मी आधी बादल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं टोमणा मारतेय. कॉरिडॉरमध्ये सामान ठेवू नये अशी सोसायटीची नोटीस आहे, ती गोड शब्दांत सुनावतेय. मी फणकाऱ्याने बादल्या उचलल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही भांडुपचे. सासरे गिरणीत होते, त्यांची चाळ पाडून ही बिल्डिंग झाली आणि आम्हाला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. आहे फ्लॅट, पण तोंडात अजून खोलीच येतं. मजल्यावरचे बाकी सगळे कोकणातले, चाळीपासूनचे. कोणाच्या घरात काय शिजतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं पाठ. ही मात्र मनोरीची. ख्रिश्चन, पण घरात मराठीच बोलणारी. नवरा वारल्यावर मुलाने तिला इकडे आणलेलं. मुलगा-सून सकाळी कामाला जात ते संध्याकाळी उगवत. बाई पासष्टीच्या पुढची, अंगाने काटकुळी, आणि तोंडभर देवीचे वण. लहानपणी आलेल्या असणार. गालांवर बोट टेकवायला सपाट जागा नाही. अशी बाई दिसेल त्याला छान म्हणत सुटते, याचं मला पहिल्यापासून काही खरं वाटेना.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडे छान म्हणत नाहीत. दिसतं सगळ्यांना, पण बोलायचं नाही. बोललं की दृष्ट लागते. गोरंगोमटं पोर झालं की 'काळुंद्रं आहे' म्हणायचं आणि गालाला काजळ फासायचं. पोळी टम्म फुगली तरी गप्प बसून खायची. माझी आई मालवणची. मी लग्नाच्या दिवशी नटून उभी राहिले तर म्हणाली, 'पुरे आता, आरशात काय बघतंस?' तेवढंच. मग आतल्या खोलीत नेऊन तिने माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. त्यावरून मी समजले की आज मी बरी दिसतेय. आमच्याकडे हे असं कळतं. तोंडावर कोणी छान म्हणालं की आम्ही आधी विचार करतो, याला काय पाहिजे?

म्हणून मी शोधायला लागले की हिला काय पाहिजे. पहिला संशय, ही काहीतरी विकायला आलेली असणार. विमा, भिशी, नाहीतर त्या वजन कमी करायच्या पावडरी. गोड बोलून आधी घरात शिरतात. पण आठवडे गेले तरी बाईने पिशवीतून काही काढलं नाही. मग वाटलं, धर्माचं काही असेल. तर रविवारी ती एकटी चर्चला जायची, एकटी यायची, आणि येताना आमच्या दारातलं तोरण मात्र थांबून बघायची. मजल्यावरच्या एकीने शंका काढली की बिल्डरचं माणूस असेल, घरं बघून ठेवत असेल. मला ते पटलं होतं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये आता बिल्डरला घेण्यासारखं उरलंय काय?

एकदा बाजारात मी तिच्या मागे मागे गेले. मुद्दाम नाही, मलाही मासळी घ्यायचीच होती, पण पुढे गेले नाही हे खरं. मासळीवालीपाशी उभी राहून ती पापलेटाकडे बघत म्हणाली, काय चकाकतंय, आणि तुम्ही मांडलंयसुद्धा काय सुंदर, सगळ्यांची तोंडं एकीकडे. मासळीवाली मुरलेली. म्हणाली, मावशी, काय पण बोला, भाव कमी नाय होणार. बाई हसली, आणि पापलेट न घेता बोंबील घेऊन, त्यांचे सांगितले तेवढे पैसे देऊन निघाली. पुढे लादीपाववाल्याला त्याच्या भांगावरून काहीतरी बोलली. तो बिचारा कंगवा शोधायला लागला, त्याला वाटलं केस विस्कटलेत. मी मागे उभी राहून हे बघत होते आणि माझं डोकं फिरत होतं. काही मिळवायचं नसताना माणूस एवढं गोड बोलतो, म्हणजे दुखणं मोठं असणार.

त्यात पुरावे जमत चालले. बादल्यांना छान म्हणाली, हिरवी बादली पंधरवड्यात फुटली. चीर आधीपासून होती, ते मला माहीत आहे. पण इतके दिवस तगली होती ना? माझ्या दह्याला काय घट्ट लागलंय म्हणाली, दुसऱ्या दिवशी दही लागलंच नाही. मी दारात बसून बांगडे साफ करत होते तर समोर स्टूल टाकून बसली आणि म्हणाली, तुमचा हात किती सुंदर चालतो, बघत राहावंसं वाटतं. तेव्हाच विळी बोटात गेली. आमचे हे म्हणाले, तू तिच्याकडे बघत होतीस म्हणून कापलं. ह्यांना काय कळतंय.

ह्यांचीही तिने वाट लावली होती. रिटायर झाल्यापासून हे स्वतःचे रुमाल स्वतः इस्त्री करतात, चार घड्या, कोपऱ्याला कोपरा. जन्मात मी त्याकडे पाहिलं नव्हतं. ही दारातून म्हणाली, काय निगुतीने करता हो. झालं. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल, उशांचे अभ्रे, माझे परकर, सगळ्याला इस्त्री. तेही दार उघडं ठेवून. मी ओरडले की विजेचं बिल येईल. पण एका दुपारी मीच उभी राहून बघत राहिले. मान तिरकी करून, जीभ दातांत धरून हा माणूस रुमालाची घडी पाडत होता, आणि मला तो आवडला. इतक्या वर्षांनी. आणि मग मला रागच आला, कारण ते बघायला मला त्या बाईने लावलं होतं.

इथवर सगळं चाललं असतं. तोंड चुकवून, दार लोटून मी निभावलं असतं. पण मग माझी मुलगी आली.

मुलगी बोरिवलीला दिलेली. तिचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा तिने साडी नेसून पोटावर हात ठेवलेला फोटो मोबाइलवर टाकला होता आणि जगाने खाली छान, सुंदर, गोड असं लिहिलं होतं. त्यानंतर आठवडाभरात सगळं संपलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते मी ऐकून घेतलं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो आणि त्याखालचे ते सगळे अंगठे. ह्या खेपेला मी सक्त ताकीद दिली होती, फोटो नाही, डोहाळजेवण नाही, कोणाला सांगणं नाही. सातव्यात डॉक्टरांनी सांगितलं की वार खाली आहे, जिने चढउतर बंद, पडून राहायचं. मी तिला माझ्याकडे आणलं. पायात काळा दोरा बांधला, उशाखाली सुरी ठेवली आणि दार आतून लावून घेतलं. मला दुसरं काही नको होतं. ते पोर धडपणी हातात यायला हवं होतं.

आणि एका दुपारी मी दळण आणायला खाली गेले तेवढ्यात, आमच्या ह्यांनी दार उघडं ठेवलेलं इस्त्रीसाठी. मी वर आले तर ती बाई माझ्या मुलीच्या पलंगाजवळ उभी, आणि तिच्या तोंडाकडे एकटक बघत म्हणत होती, 'केवढी सुंदर दिसतेस गं बाय.'

मी दळणाचा डबा तिथेच खाली ठेवला. मुलगी लाजून हसत होती. बाई गेल्या गेल्या मी मीठ-मिरच्या घेऊन उतरवायला लागले, आणि त्याच संध्याकाळी मुलीच्या अंगावरून गेलं. रिक्षातून हॉस्पिटल गाठेपर्यंत मी देवाला काय काय बोलले ते देवाला ठाऊक. रक्त थांबलं. पोराचे ठोके लागले. डॉक्टर म्हणाले, वार खाली असली की असं होतं, मी आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं, खरंच. पण डॉक्टरचं डॉक्टरकडे.

दुसऱ्या दिवशी मुलीला घरी आणून झोपवलं आणि मी समोरच्या दाराची बेल दाबली. बाईने दार उघडलं, मला बघून तिचं तोंड फुललं. मी तिला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण हे आठवतं: 'तुमची ती छान-छान जीभ माझ्या मुलीवर चालवू नका. एक गेलंय तिचं. दुसरं गेलं तर मी तुम्हाला सोडणार नाही.' बाईने मान खाली घातली. मला वाटलं होतं ती भांडेल, असल्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही म्हणेल. तेही नाही. हळूच दार लावून घेतलं.

त्यानंतर मजल्यावर शांतता झाली. ती कॉरिडॉरमधून जायची ती जमिनीकडे बघत. माझ्या बादल्यांकडे नाही, तोरणाकडे नाही. लिफ्टमध्ये एकत्र सापडलो तर आकडे बघत उभी राहायची. मला हवं होतं तेच झालं होतं. तरी संशय जाईना. आता हिच्या मनात काय चाललं असेल? बोलणारी जीभ परवडली, मुका राग वाईट, असं काहीबाही मनात यायचं. आणि बांगडे साफ करताना उगाच समोरच्या बंद दाराकडे लक्ष जायचं.

पडून पडून मुलगी चिडचिडी झाली होती. एकदा पेज भरवताना तिने विचारलं, समोरच्या मावशी का येत नाहीत? मी म्हटलं, मीच बंद केलंय. का म्हणून विचारलं तर मी सांगितलं सगळं, लपवायचं काय त्यात. ती वाडगा बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, 'आई, जो येतो तो माझ्या पोटाकडे बघतो. तू पण. तेवढ्या एकटीने माझ्या तोंडाकडे बघितलं.'

मी म्हटलं, खा मुकाट्याने, थंड होतेय. पण मला ते लागलं, खूप लागलं. ती झोपल्यावर मी पलंगाच्या कडेला बसून तिचं तोंड बघितलं. ओठ सुजलेले, डोळ्यांखाली काळं, गाल भरलेले, आणि कपाळावर घामाने चिकटलेले केस. सुंदर दिसत होती माझी मुलगी. माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ चावली आणि देवापुढे जाऊन बसले.

नववा लागता लागता सिझेरियन करून मुलगी झाली. दोघी धडधाकट. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून रडले, चांगलं मोठ्याने. आमचे हे इस्त्रीचा रुमाल पुढे करून उभे होते.

घरी आणल्यावर सव्वा महिना कोणाला आत घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. एका संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं तर समोर ती बाई, उंबऱ्याच्या बाहेर, हातात घडी केलेलं काहीतरी. आत येऊ का असंही विचारेना. मी तशीच उभी. तेवढ्यात आतून मुलीचा आवाज, आई, मी बोलावलंय त्यांना. म्हणजे माझ्या घरात, माझ्या पाठीमागे फोन झाले होते.

आणलं होतं दुपटं. तिच्या जुन्या लाल चौकड्यांच्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, हाताने शिवलेलं. मी ते आधी स्वतःच्या हातात घेतलं, उजेडात धरलं, चारी कडा चाचपल्या. कुठे टाचणी, कुठे गाठ मारलेला दोरा, काही असलं तर? काही नव्हतं. टाके मात्र इतके बारीक आणि सरळ होते की मी दोनदा बोट फिरवलं. बाई हे सगळं बघत होती.

मग ती बाळाजवळ गेली. वाकली. मी मागेच उभी. बाळ जागं होतं, मूठ तोंडात घालून टकमक बघत होतं. काय ते डोळे. बाईने बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाली, 'काळुंद्री आहे. नाक तर बसकंच. कोणावर गेलीय कोण जाणे.'

मला हवं होतं तेच ती बोलली होती. अक्षरशः तेच. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसकं नाक? माझ्या नातीचं? बसकं कुठाय? मी बोलणार होते, पण तिचं तोंड बघितलं. डोळे भरून आले होते, ओठ घट्ट मिटलेले. जे दिसत होतं ते सगळं गिळून, माझ्या नातीसाठी ती खोटं बोलली होती. तिला हे कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, आमच्याकडेपण तसंच असतं, दिष्ट आम्हीपण काढतो. मग एवढी रीत माहीत असताना दिसेल त्याला छान का म्हणत फिरता, असं मी विचारलंच. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, सवय लागली. आणखी काही नाही.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. बाळाची दृष्ट काढायची वेळ. मी मीठ-मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या. आधी बाळावरून उतरवलं, मग मुलीवरून. तव्यावर टाकायला स्वयंपाकघरात गेले तर बाई माझ्या मागे येऊन दारात उभी. तव्याकडे अशी बघत होती की मला परत शंका आली. काय बघते ही? तव्यातल्या मिरच्या करपल्या. ठसका आला की दृष्ट नव्हती, ठसका आला नाही की लागली होती, हे तिलाही माहीत होतं. बाळाच्या मिरच्यांना थोडा ठसका आला, मुलीच्यांना अगदी जेमतेम. मी म्हटलं, बघा, लागलीच होती.

ती म्हणाली, 'माझी आई दर आयतवारी आम्हा सगळ्या बहिणींची काढायची. मी रांगेत उभी राहिले की म्हणायची, तू हो बाजूला, तुला कोण लावणार दिष्ट?'

हसत हसत म्हणाली. हसताना तिच्या गालांवरचे वण एकमेकांत मिसळत होते. मी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत मीही तिचं तोंड नीट बघितलं नव्हतं, वण तेवढे बघितले होते. डोळे पाणीदार होते तिचे. रांगेतून बाजूला झालेली पोर, आणि तिची ती आई. असं काही ऐकलं की मला रागच येतो.

मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, बसा. माझी कशाला, म्हणत ती मागे सरकली. बसा म्हणते ना, मी ओरडले. ती बसली, पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, लहान पोरीसारखी. मी मूठभर मिरच्या घेतल्या, कमी नाही, आणि उतरवायला लागले. आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, घरच्यांची दृष्ट जाऊ दे. घरच्यांची म्हणताना तिने डोळे मिटले.

मी त्या मिरच्या तव्यावर टाकल्या आणि स्वयंपाकघर धुराने भरलं. असा ठसका मी जन्मात बघितला नव्हता. बाहेरून आमचे हे खोकत खोकत खिडक्या उघडायला धावले, मुलीने आतून बाळाच्या खोलीचं दार धाडकन लावलं. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. स्टुलावर ती पदर तोंडाला लावून खोकत होती आणि माझ्याकडे बघत होती, मी आता काय म्हणतेय म्हणून.

'बघितलंत?' खोकला आवरत मी म्हटलं. 'ठसक्याचं नाव नाही. जबरदस्त लागलीय तुम्हाला.'

तिला सगळं कळत होतं. खोकता खोकता ती रडायला लागली. रडू दिलं मी तिला. मग गॅस बंद केला, तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि सांगितलं की लहानपणापासूनची आहे, एकदा काढून जायची नाही, शनिवारी परत या.